सोयरसुतक

काळ्या समुद्राकाठी, आमच्या सुरमेनेत,
कुणी नवं भेटलं की नावाआधी विचारतात,
"तू कुठल्या संघाचा?"
मी म्हणतो, सुऱ्यांचा.
लोक हसतात. त्यांना वाटतं, गंमत केली.
सुऱ्यांना मुठी बसवतो मी, अक्रोडाच्या, शिंगाच्या,
तीस वर्षं झाली,
आणि एका चेंडूमागे बावीस धडधाकट माणसं का धावतात
हे मला अजून कुणी
नीट सांगितलेलं नाही.

बापानं सांगून पाहिलं.
सहा वर्षांचा होतो, त्याच्या खांद्यावर बसून स्टेडियममध्ये गेलो.
गोल झाला तेव्हा मी बघत होतो
दिव्याच्या खांबावरच्या एका सीगलकडे.
बापानं मला हवेत उडवलं, झेललं,
माझ्या तोंडाकडे पाहिलं
आणि खाली ठेवलं.

सोमवार कठीण. सोमवारी दाढी.
न्हाव्याचं नाव दुर्मुश, चेहरा मात्र कायम हसरा.
गळ्यावर वस्तरा टेकवून विचारतो,
"ती पेनल्टी होती की नव्हती?"
अशा वेळी माणसानं मत ठेवावं तरी कुठे.
फार पूर्वी मला एक वाक्य सापडलं:
"रेफरीनं घात केला."
हरलो असू तर चालतंच. जिंकलो असू तर
"नाहीतर अजून दोन झाले असते," हे दुर्मुशच पुढे जोडतो.
या एका वाक्याच्या जोरावर मी
सासऱ्याला पटवलं, दुकानासाठी कर्ज काढलं,
मेहुण्याबरोबरच्या अकरा ईदी गोडीत काढल्या.

मॅचच्या रात्री चहाघरात पाय ठेवायला जागा नसते.
घरच्यांना वाटतं मी तिथे आहे.
चहाघराला वाटतं मी घरी, मोठा टीव्ही घेतलाय.
मी धक्क्यावर असतो.

तिथे एकदा बेद्री दिसला, औषधांच्या दुकानाचा.
रात्रपाळी टाकून आलेला, अंगात पांढरा कोट,
हातात हेझलनटची पुडी.
"किती झाले?" त्यानं विचारलं.
"एक-एक," मी ठोकून दिलं.
"हं," तो म्हणाला, "रेफरीनं घात केला."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पाण्याकडे बघत होता.
मागे सगळं गाव एकदम ओरडलं,
होड्यांवरचे कुत्रे भुंकायला लागले.
कुणी मारला, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.
त्यानं पुडी पुढे केली.

असे चार हंगाम.
बोलायचो काय? त्याला मूतखडे होते.
वरच्या गावात मधमाश्यांच्या सात पेट्या होत्या.
एकदा म्हणाला, राणी म्हातारी झाली की बाकीच्या
तिच्याभोवती दाटीनं जमतात
आणि ऊब देऊन देऊनच मारतात.
एकदा काहीच बोललो नाही,
जादा वेळ धरून.

मार्चमध्ये तो गेला.
पुतण्यांनी शवपेटीवर संघाचा मफलर पसरला होता,
किरमिजी-निळा, कोरा,
किमतीची चिठ्ठी तशीच लोंबत होती.
मशिदीच्या अंगणात इमामनं रिवाजाप्रमाणे विचारलं,
"मयताला तुम्ही कसं ओळखत होता?"
"चांगला माणूस!" सगळे म्हणाले.
माझं उत्तर लांब होतं, ते तोंडातच राहिलं.

दुर्मुश माझ्याजवळ सरकला.
"तुझं काय नातं रे त्याच्याशी?"
सोयर कसलं सांगणार.
वस्तरा नसताना गळा असा आवळलेला
त्यानं माझा कधी पाहिला नसावा.
"रेफरीनं घात केला," मी म्हणालो.
दुर्मुशनं बाहीनं डोळे पुसले.
पुढच्या रांगेतले दोघं-तिघं वळले, मान हलवली.
"खरंय," एकजण म्हणाला, "तेही शेवटच्या मिनिटाला."

परवा मॅच होती.
औषधांच्या दुकानात आता नवा पोरगा आहे.
त्यानं फोनवरून मान न काढता विचारलं, काय हवंय.
"किती झाले?" मी म्हणालो.
"दोन-शून्य."

तो आकडा घेऊन धक्क्यावर गेलो.
खरा आकडा, जवळ असण्याची पहिलीच वेळ.
दिव्याच्या खांबावर एक सीगल होता.
मॅच संपेपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसलो.